बाळाच्या डोक्यावरची खपली जाता जात नाही तेव्हा

माझी मुलगी दीड महिन्याची असताना तिच्या टाळूवर पहिल्यांदा पिवळसर खपली दिसली. सासूबाई म्हणाल्या, "मळ आहे गं, तेलाने सुटेल." मग रोज सकाळी टाळू भरायची, अंघोळ झाली की कोरड्या डोक्यावर पुन्हा तेलाचं बोट फिरवायचं आणि वर कुंची बांधायची. नाशिकची थंडी, त्यामुळे कुंचीवर लोकरीचं टोपरंही. चौथ्या महिन्यापर्यंत ती खपली टाळूवरून मागे सरकत पार कानामागे पोहोचली. बोट फिरवलं की मेणकापडासारखी लागायची. तेलाची बाटली मात्र भराभर संपत होती.

शेवटी डॉक्टरबाईंना दाखवलं. त्यांनी डोकं खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं आणि विचारलं, "तेल लावता हे दिसतंय. ते काढता कधी?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. अंघोळीला डोक्यावर पाणी पडायचं, डाळीचं पीठ लागायचं, पण तेल निघतंय की नाही हे कुणी पाहिलंच नव्हतं. पुढे दोन-अडीच महिने जे करत गेलो, ते क्रमाने लिहिते आहे. पहिलटकरीण असाल किंवा बाळाला पहिल्यांदाच न्हाऊ घालणारे बाबा असाल, तर उपयोगी पडेल. मी डॉक्टर नाही. औषधांचं जे लिहिलंय ते आपल्या डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून, दुकानातून परस्पर आणण्यासाठी नव्हे.

हे असतं काय

डॉक्टरांच्या कागदावर याला 'सेबोऱ्हिक डर्माटायटिस' लिहितात, बोलताना क्रेडल कॅप म्हणतात. आपल्याकडे कुणी खपली म्हणतं, कुणी पोपडे, कुणी सरसकट खवडे. खवडे हा शब्द मात्र जपून वापरा. डोक्यात फोड येऊन चिघळणाऱ्या, एकाचं दुसऱ्याला लागणाऱ्या रोगालाही लोक तोच शब्द वापरतात आणि मग बारशाला आलेल्या बायका आपापली पोरं लांब घेतात. ही खपली कुणाकडून कुणाला लागत नाही.

दिसते कशी? पिवळट किंवा तपकिरी, तेलकट, चिकटून बसलेली. कधी पांढरे सुटे कण, कधी जाड थर. बहुतेक टाळूवर आणि कपाळाच्या वरच्या कडेला. भुवयांत, कानामागे, मानेच्या वळीत, काखेत, जांघेतही येऊ शकते, आणि वळ्यांमध्ये खपलीऐवजी नुसती ओलसर लाली असते. सुरुवात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत कधीही होते. बहुतेक बाळांची सहा महिने ते वर्षभरात आपोआप जाते. काहींची दोन वर्षांपलीकडेही रेंगाळते.

मुख्य खूण अशी की बाळाला याचा त्रास होत नाही. ते खाजवत नाही, रडत नाही, दूध पितं, झोपतं. त्रास होतो तो बघणाऱ्यांना.

कारण समजून घेतलं तर पुढच्या पायऱ्या पटतात. आईच्या शरीरातून मिळालेल्या आणि बाळाच्या स्वतःच्या संप्रेरकांमुळे पहिले काही महिने त्याच्या त्वचेतल्या तैलग्रंथी जोरात चालतात. जास्तीच्या तेलात त्वचेच्या मेलेल्या पेशी अडकतात आणि थरावर थर बसतो. त्यात 'मालासेझिया' नावाच्या बुरशीची भर. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-शार्ल मालासे यांच्यावरून तिला हे नाव मिळालं. ही बुरशी तुमच्या-माझ्या डोक्यावरही असते, मोठ्यांच्या कोंड्यातही तिचाच हात असतो. तिला स्वतःला लागणारी स्निग्धाम्लं ती बनवू शकत नाही, म्हणून त्वचेवरच्या तेलावर जगते. आता डोळ्यासमोर आणा: तेल, वर आणखी तेल, वर कुंची, आत घाम. आम्ही तिची खाणावळच चालवत होतो.

बाळ वर्षाचं होईतो या ग्रंथी शांत होतात आणि पुढे वयात येईपर्यंत तशाच राहतात. म्हणून बहुतेकांची खपली काहीही न करता जाते, आणि श्रेय त्या वेळी जे कुठलं तेल चालू असेल त्याला मिळतं.

हे अस्वच्छतेमुळे होत नाही. आईने बाळंतपणात तेलकट खाल्लं, आंबट खाल्लं, थंड पाण्यात हात घातला म्हणूनही होत नाही. मला तिन्ही ऐकावं लागलं होतं.

सुरू करण्याआधी: फोटो काढा

खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, टाळू, दोन्ही कानांमागे आणि मान असे तीन-चार फोटो. दर रविवारी त्याच जागी पुन्हा काढा. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही आणि आठव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून उपाय बदलला जातो. आमच्या घरात तीन आठवड्यांत चार उपाय झाले ते असेच. डॉक्टरांनाही या फोटोंतून पटकन अंदाज येतो.

त्याच वेळी त्वचा नीट तपासा. खपलीखालची त्वचा साधारण नेहमीच्या रंगाची किंवा किंचित गुलाबी असेल तर पुढे वाचा. ओली असेल, पू असेल, रक्त असेल, तर हे घरचे उपाय बाजूला ठेवा आणि खाली 'डॉक्टरांकडे कधी' तिथे जा.

पायरी १: तेल, पण वाटीत मोजून

लागतं किती? अर्धा छोटा चमचा. टाळूवर ओतायचं नाही. वाटीत घ्यायचं, बोटांची टोकं बुडवायची आणि खपली आहे तेवढ्याच जागी लावायचं. जिथे खपली नाही तिथे तेल नको.

कुठलं तेल, यावर घराघरात महाभारत होतं. बाळांसाठी मिळणारं मिनरल ऑइल, म्हणजे लिक्विड पॅराफिनचं साधं बिनवासाचं तेल, सगळ्यात बिनधोक, कारण त्यावर बुरशीचं पोट भरत नाही. खोबरेल वापरायचं असेल तर वापरा, आम्हीही पुढे तेच वापरलं, पण धुऊन काढण्याची अट पाळून. मोहरीचं तेल त्वचेला झोंबतं, ते नको. ऑलिव्ह ऑइलही नको, ते महाग असलं तरी या कामाचं नाही. शेंगदाण्याचं तेल ॲलर्जीच्या भीतीने टाळतात.

आणि एक गोष्ट ठळकपणे सांगते: खोबरेलात कापूर घालून बाळाच्या डोक्याला लावू नका. मोठ्यांच्या कोंड्यावरचा हा आपल्याकडचा जुना उपाय आहे, आमच्याकडेही एका काकूंनी प्रेमाने बाटली भरून पाठवली होती. कापूर त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातो आणि तान्ह्या बाळाला त्याने झटके येऊ शकतात. बाटली देवघराच्या कपाटात गेली, काकूंना "छान आहे" सांगितलं. निलगिरीचं तेल, टी ट्री ऑइल, लिंबाचा रस, बोरिक पावडर हेही बाळाच्या डोक्यापासून लांब ठेवा.

लावून झालं की वीस मिनिटं ते अर्धा तास थांबा. या वेळात अंगाची मालिश उरकते. थर फार जाड असेल तर पहिल्या एक-दोन वेळा रात्री पातळसं तेल लावून, उशाला सुती फडकं घालून झोपवता येतं, पण सकाळी धुतलंच पाहिजे. सकाळी पाहुणे येणार असतील, पाणी येणार नसेल, तर रात्री तेल लावूच नका.

टाळूची भीती अनेकांना वाटते. समोरची टाळू मऊ असते, कधी धडधडतानाही दिसते, पण तिच्याखाली चिवट पडदा असतो. हलक्या हाताने तेल लावणं, धुणं, मऊ ब्रश फिरवणं यांनी काही होत नाही. समोरची टाळू साधारण वर्ष-दीड वर्षात भरते, मागची दोन-तीन महिन्यांतच, आणि ती हाडं वाढून भरते, तेलाने नव्हे. सासूबाईंना हे पटवायला मला जमलं नाही. डॉक्टरबाईंना जमलं.

पायरी २: सोडवा, उपटू नका

तेलाने खपली मऊ झाली की ती पांढरट दिसायला लागते आणि कडेने जराशी उचलते. आता बाळाचा मऊ केसांचा ब्रश घ्या. तो नसेल तर नवाकोरा, सगळ्यात मऊ टूथब्रश चालतो, आणि कानामागच्या जागेला तोच बरा पडतो. लहान लहान गोल फिरवत, एका वेळी रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, मिनिट-दोन मिनिटं. दाब किती? स्वतःच्या पापणीवर फिरवून बघा, तिथे सहन होईल तेवढाच.

जे सुटेल ते सुटू द्या. जे चिकटून आहे ते उद्याचं किंवा परवाचं.

हे लिहिणं सोपं आहे. प्रत्यक्षात एक मोठी खपली अर्धी उचललेली असते, बाळ दूध पिता पिता झोपलेलं असतं, आणि आपलं नख आपोआप तिकडे जातं. मीही एकदा असंच केलं. दहा पैशाच्या नाण्याएवढी खपली निघाली, तिच्याबरोबर केसांचा झुबका आणि खाली रक्ताचे बारीक ठिपके. दोन दिवस ती जागा लाल आणि ओली होती. उघड्या त्वचेतून जंतू शिरतात, म्हणजे साध्या खपलीचं खरोखरीचं दुखणं होऊन बसतं. उवांची बारीक फणीही याच कारणाने नको. ती खपली काढते खरी, पण त्वचाही खरवडते.

खपलीबरोबर थोडे केस आले तर घाबरू नका, ते पुन्हा येतात.

भुवयांसाठी वेगळी पद्धत. कापसाच्या बोळ्याला तेलाचा एक थेंब, पाच-दहा मिनिटं थांबून कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने नाकाकडून कानाकडे पुसायचं. तिथे शाम्पू नको.

पायरी ३: धुणं, म्हणजे खरं काम

इथे आपल्या आज्यांची पद्धत कुठल्याही बाथटबपेक्षा सरस आहे. पाटावर किंवा जमिनीवर पाय पसरून बसायचं आणि बाळाला पायांवर पालथं घ्यायचं, चेहरा आपल्या पावलांकडे, दोन पायांच्या मधल्या खोबणीत, नाक-तोंड मोकळं. या स्थितीत डोक्याची मागची बाजू आणि कानांच्या मागच्या जागा नीट दिसतात. टाळूसाठी मग उताणं घेऊन, एका हाताने मान आणि डोकं तोलून, कपाळावर आडवा तळवा धरायचा म्हणजे पाणी डोळ्यांत न जाता मागे जातं. सवय नसेल तर पहिले काही दिवस दोघांनी मिळून करा, एकाने धरायचं, एकाने धुवायचं. पाणी कोमट, कोपर बुडवून बघितलेलं.

साबण नको. अंगाच्या साबणाने तेल निघतं, पण त्वचाही कोरडी पडते, आणि बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचाच पांढरा थर केसांत बसतो. तो बघून मी एक आठवडाभर खपली वाढली असं समजत होते. डाळीचं पीठ तेल शोषतं हे खरं, पण त्याचे कण खपलीत अडकतात, खरखरीत घासले जातात, वळ्यांत राहून आंबतात. शिकेकाई आणि रिठा डोळ्यांत गेला तर बाळ आकांत करतं. बाळाचा सौम्य, बिनवासाचा शाम्पू घ्या. त्याचे चार-पाच थेंब तळहातावर पाण्यात कालवून मग डोक्याला लावा, थेट बाटलीतून नको.

एकदा धुतल्याने तेल निघत नाही. पहिल्या वेळी फेसच होत नाही, सगळा शाम्पू तेलात जिरतो. पाण्याने धुऊन पुन्हा तेवढाच शाम्पू घ्या. दुसऱ्या वेळी फेस येतो. बोटांच्या पेरांनी अर्धा-एक मिनिट हलकं चोळा, मग भरपूर पाणी.

निघालं की नाही हे कसं कळेल? डोकं टिपून कोरडं झालं की जुन्या पांढऱ्या धोतराचं किंवा मलमलीचं मऊ फडकं टाळूवर दाबून बघा. तेलाचा डाग उमटला तर उद्या शाम्पूचा दुसरा हात जरा जास्त वेळ चोळायचा. मी हे फडकं पहिल्या दिवशी सासूबाईंना दाखवलं. पिवळा गोल डाग, मधे पापुद्र्याचे कण. त्या दिवसापासून ते फडकं त्याच धरायला लागल्या.

अंघोळीनंतर डोक्याला पुन्हा तेल नाही. टाल्कम पावडरही नाही. तेलाशी मिळून तिचा लगदा होतो, शिवाय ती श्वासात जाते. कुंची बाहेर जाताना किंवा खरोखर थंडी असेल तेव्हाच, आणि सुती. घरात डोकं उघडं राहू द्या. धुरी देत असाल तर तीही बंद करा. खपलीला तिचा उपयोग नाही आणि धूर बाळाच्या छातीला वाईट.

किती वेळा

पहिला आठवडा एक दिवसाआड. थर फार जाड असेल तर रोज. नंतर आठवड्यातून दोन-तीनदा. मधल्या दिवशी फक्त साध्या कोमट पाण्याने डोकं धुवायचं.

आमच्याकडे पहिल्या आठवड्याच्या फोटोत काहीच फरक नव्हता. दुसऱ्या रविवारी कपाळाकडची कड मोकळी दिसली. बहुतेक बाळांना एवढंच पुरतं.

पायरी ४: दोन-तीन आठवडे नीट करूनही हटत नसेल तर

आता डॉक्टरांना दाखवा, बालरोगतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञ. जाताना फोटो न्या आणि आत्तापर्यंत डोक्याला जे जे लावलं त्या बाटल्या-ट्यूब पिशवीत घालून न्या. "कुठलंसं आयुर्वेदिक तेल" यावरून त्यांना काही कळत नाही.

डॉक्टर बहुतेक दोन प्रकारची औषधं विचारात घेतात. एक बुरशीवरचं: २ टक्के केटोकोनाझोलचा शाम्पू, साधारण आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. हा शाम्पू लावून लगेच धुवायचा नसतो. डॉक्टर सांगतील तेवढा वेळ, बहुधा तीन ते पाच मिनिटं, फेस डोक्यावर ठेवायचा आणि मग भरपूर पाण्याने काढायचा. डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही. बाळ ओलं, फेसाने माखलेलं, आणि घड्याळ पुढे सरकत नाही. आम्ही बाथरूमच्या दारात दोन बडबडगीतं म्हणायचो, साधारण तेवढाच वेळ लागतो. वळ्यांसाठी क्लोट्रिमाझोलसारखं मलमही देतात. दुसरं सूज आणि लालीसाठी: १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनचं सौम्य स्टेरॉइड मलम, पातळ हात, मोजके दिवस. स्टेरॉइड शब्दाला घाबरून ते अर्ध्यावर सोडू नका आणि छान गुण येतोय म्हणून महिनाभर लावूही नका. सांगितले तेवढेच दिवस.

काळजी दुसऱ्याच मलमांची घ्यायची. औषधाच्या दुकानात 'खाज, गजकर्ण, सगळ्यावर चालतं' म्हणून जी ट्यूब हातात पडते, तिच्यात बऱ्याचदा बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोनसारखं जोरकस स्टेरॉइड एकत्र कालवलेलं असतं. दोन दिवसांत डोकं साफ दिसतं, बंद केलं की दुप्पट परत येतं. तान्ह्याची त्वचा पातळ असते आणि औषध शरीरात जास्त शोषलं जातं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी दुकानदार देतो आणि आपण घेतो. ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर वाचा, कळलं नाही तर फोटो काढून डॉक्टरांना पाठवा.

मोठ्यांचे कोंड्याचे शाम्पूही नकोत. त्यांतल्या काहींत सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते बाळाच्या त्वचेतून रक्तात जाऊ शकतं.

वर्ष उलटलं तरी आहेच?

मग "असतं लहान मुलांना" म्हणून सोडून देऊ नका. कदाचित तीच खपली रेंगाळलेली असेल. पण या वयात दुसऱ्याच कशाला तरी आपण खपली म्हणत असण्याची शक्यता वाढते.

मूल खाजवतं, रात्री डोकं उशीवर घासतं, गालांवर, कोपराच्या आणि गुडघ्याच्या वळीत कोरडे लाल चट्टे आहेत, घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी आहे, तर हा एक्झिमा असू शकतो. त्याची वाट वेगळी, तिथे कोरडेपणा घालवण्यावर भर असतो.

केस तुटून गोल चकती पडली आहे, चकतीत काळे ठिपके दिसतात, मानेच्या मागे गाठी लागतात, तर डोक्याचा गजकर्ण आठवा. हा तान्ह्यांत क्वचित आणि चालत्या-फिरत्या मुलांत जास्त. हा मात्र लागट असतो, एकच कंगवा, टोपी, टॉवेल यांतून भावंडांत फिरतो, कधी घरातल्या मांजरीच्या पिल्लाकडूनही येतो. त्याला नुसतं मलम पुरत नाही, कारण बुरशी केसाच्या मुळात असते. पोटात घ्यायचं औषध काही आठवडे द्यावं लागतं. डॉक्टर खपलीचा कण आणि दोन-चार केस घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, मुलाला दुखत नाही.

जाड, चांदीसारखे पापुद्रे आणि खाली ठळक लाल कड असेल तर सोरायसिसचा विचार होतो. दोन-तीन वर्षांच्या मुलांत नुसत्या उवांच्या लिखाही कोंडा समजून महिनोन्महिने धुतल्या जातात. फरक सोपा आहे: कोंडा फुंकरीने उडतो, लीख केसाला चिकटलेली असते, नखांत धरून ओढावी लागते.

डॉक्टरांकडे कधी, तेही लगेच

खपलीतून पू किंवा मधासारखा पिवळा चिकट स्राव येणं, वास येणं, त्वचा गरम आणि सुजलेली लागणं, ताप, बाळ दूध नाकारणं. तोंडावर, अंगावर, जांघेत झपाट्याने पसरत जाणारी लाली. खपलीसोबत सततचे जुलाब आणि वजन न वाढणं. खपलीच्या जागी किंवा अंगावर जांभळे-तपकिरी रक्ताळ ठिपके, जे दाबून फिके होत नाहीत. यांतलं काहीही असेल तर तेल, ब्रश, शाम्पू सगळं थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा. शेवटच्या दोन गोष्टी दुर्मिळ आहेत, पण त्यामागे कधी कधी झिंकची कमतरता किंवा रक्ताशी संबंधित गंभीर आजार असतो आणि तो घरी ओळखता येत नाही.

जावळ काढलं की जातं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. नाही, जात नाही. खपली त्वचेतून येते, केसांतून नाही. केस गेल्याने डोकं धुवायला सोपं होतं आणि त्यामुळे फरक पडलेला दिसतो, इतकंच.

पण जाड खपलीवर वस्तरा फिरला तर जखमा होतात, हे मी नात्यातल्या एका बाळाच्या बाबतीत पाहिलं आहे. पाचवा महिना, सातवा महिना असा मुहूर्त धरलेला असतो, मामा सुट्टी काढून आलेला असतो, कुणी थांबत नाही. तारीख ठरवायच्या आधी तीन आठवडे वरच्या पायऱ्या सुरू करा. तरी खपली उरली तर पुढचा विषम महिना धरा. नाहीतर मामाच्या मांडीवर बसवून शास्त्रापुरती एक बट कापा, बाकीचं नंतर. काढायचंच असेल तर नवं पातं, आणि न्हाव्याने हात धुतलेले. मुंडणानंतर चंदनाचा लेप आणि कुंकवाचं स्वस्तिक काढतात. त्वचा लाल असेल तर कुंकू कपाळावर टेकवा, डोक्यावर नको, त्यातल्या रंगाने आग होते.

गेल्यावर

डोकं स्वच्छ झालं की लगेच सगळं बंद करू नका. आठवड्यातून एक-दोनदा शाम्पूने धुणं चालू ठेवा, तेल फक्त पुन्हा कण दिसले तर. ब्रश प्रत्येक वेळी शाम्पूच्या पाण्यात धुवून उन्हात वाळवा, आणि तो बाळाचाच ठेवा, ताईच्या वेणीला नको.

आमच्याकडे साडेसहा महिन्यांत टाळू साफ झाली, कानामागची जागा आठव्या महिन्यापर्यंत रेंगाळली. मग पुढच्या डिसेंबरात, लोकरी टोपरं पुन्हा बाहेर निघाल्यावर, कपाळाच्या कडेला चार पांढरे कण दिसले. वाटीत अर्धा चमचा तेल, अर्धा तास, ब्रश, दोनदा शाम्पू, फडकं. तिसऱ्या धुण्याला गेले. टोपऱ्याच्या आत आता सुती अस्तर शिवून घेतलं आहे.